विश्लेषण : ऑटिझम की एडीएचडी? मुलाच्या तपासणीत दोन्ही का पाहायला हवे?

मूल वर्गात जागेवर बसत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही. शाळेतून तक्रार आली की कुणी ‘एडीएचडी असेल’ म्हणते, कुणी ‘ऑटिझम’. घरातली वडीलधारी मंडळी ‘मोठं झालं की सुधारेल’ म्हणतात. प्रत्यक्षात ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आणि एडीएचडी म्हणजे अतिचंचलता, ही दोन्ही एकाच मुलात असू शकतात.

आधी एकच निदान का व्हायचे?

डॉक्टर वापरतात त्या ‘डीएसएम’ या अमेरिकी निदानपुस्तिकेत पूर्वी ऑटिझम असलेल्या मुलाला एडीएचडीचे वेगळे निदान देता येत नव्हते. २०१३ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने ही अट काढली.

लक्षण एक, कारणे दोन

मूल वर्गातून उठून जाते, ते कंटाळा आला म्हणून की घंटेचा आवाज सहन होत नाही म्हणून? मित्रांशी जमत नाही, ते घाईत मध्येच बोलते म्हणून की समोरच्याच्या मनातले उमगत नाही म्हणून? दोन्ही असतील तर एक दुसऱ्याला झाकते. सतत नवे हवे असणाऱ्या मुलाचा ठरलेल्या क्रमाचा हट्ट सहज नजरेत येत नाही. मग चंचलतेवर औषध सुरू होते, पण संवादाची अडचण तशीच राहते.

तपासणीत काय होते?

रक्ततपासणीने किंवा स्कॅनने हे निदान होत नाही. पालकांशी सविस्तर बोलणे, मुलाचे निरीक्षण आणि शाळेची माहिती यांवर ते ठरते. एडीएचडीसाठी लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीची आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी हवीत. ऑटिझमसाठी पहिल्या काही वर्षांतील बोलणे, नजर आणि खेळ यांचा इतिहास महत्त्वाचा. त्याची तीव्रता मोजायला ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी आहे. ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी. मोबाइलवरची प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे.

छत्रपती संभाजीनगरात सुरुवात कुठून?

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या घाटी रुग्णालयातील बालरोग किंवा मनोविकार विभागाच्या ओपीडीत विचारणा करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात. पैठण, कन्नड, सिल्लोडसारख्या तालुक्यांतील पालकांनी आपली शंका या पथकाला जरूर सांगावी. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही प्राथमिक सल्ला मिळतो.

सोबत काय न्यावे?

* शिक्षकांचे लेखी निरीक्षण : ‘त्रास देतो’ असे नको, काय घडले, कधी आणि किती वेळा, असे.
* घरातील दोन-तीन छोटे व्हिडिओ : खेळतानाचे, जेवतानाचे, चिडल्यावरचे.
* पहिला शब्द कधी आला, बोट दाखवून वस्तू कधी मागितली, याची टिपणे.
* झोप, आवाज, कपडे, खाणे यांबाबतच्या अडचणी.

डॉक्टरांना थेट विचारा : ‘दोन्ही बाजूंनी पाहिले का?’

अहवालात स्पष्टता का हवी?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे अहवालात फक्त एडीएचडी लिहिले गेले आणि ऑटिझम तपासायचाच राहिला, तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाची वाट अडते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत ऑटिझम असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच आहे. तेही या निदानाशीच जोडलेले आहे. प्रमाणपत्रासाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करावा लागतो.

अंतिम निदानाला वेळ लागू शकतो. तोवर थांबून राहू नका. बोलण्यात अडचण असेल तर स्पीच थेरपी लगेच सुरू करता येते. वर्गात पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना आणि मधूनमधून उठण्याची मुभा, एवढे शाळेला आजच सांगता येईल. त्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही.