मधल्या वेळचा दिग्दर्शक

दूरचित्रवाणीवर क्रिकेटचा सामना पाहताना षटक संपते, क्षेत्ररक्षक आपापल्या जागा बदलू लागतात, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात कॅमेरा मैदान सोडून प्रेक्षकांत शिरतो, गालावर तिरंगा रंगवलेली एखादी तरुणी नेमकी हुडकून काढतो, आणि आपण पडद्यावर झळकत आहोत हे उमजून ती लाजते न लाजते तोच गोलंदाज धावू लागलेला असतो. हा प्रकार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोणा एका माणसाच्या हुकमाने घडतो आणि त्या हुकमालाही पूर्वेतिहास आहे, हे सहसा मनात येत नाही. अमेरिकेत या खोडीला 'हनी शॉट' असे नाव पडले. ती ज्याच्या खात्यावर जमा आहे, तो अँडी सिदारिस नावाचा गृहस्थ क्रीडाप्रक्षेपणातला मानाचा दिग्दर्शक होता आणि उत्तरायुष्यात त्याने हवाई बेटांवर स्वस्त, भडक, निलाजरे आणि कमालीचे गमतीदार चित्रपट काढले.

सिदारिसचा जन्म १९३१ सालचा, शिकागोतल्या एका ग्रीक कुटुंबातला. बालपण लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी गेले, शिक्षण डॅलसला झाले, आणि तिथल्याच एका स्थानिक वाहिनीवर उमेदवारी करून तो एबीसी या अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीच्या क्रीडाविभागात दाखल झाला. या विभागाचा खरा सूत्रधार रून आर्लेज. त्याने १९६० साली वरिष्ठांना सादर केलेल्या टिपणाचा मथितार्थ असा होता की, घरी बसलेल्या माणसाला मैदानावर असल्याचा भास व्हायला हवा. त्यासाठी कॅमेरे जीपवर चढवावेत, हेलिकॉप्टरमधून न्यावेत, आणि खेळाबरोबर प्रेक्षक, प्रशिक्षक, नटूनथटून आलेल्या विद्यार्थिनी हेही दाखवावे. एप्रिल १९६१ मध्ये 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' ही साप्ताहिक मालिका सुरू झाली, तिचा पहिला दिग्दर्शक सिदारिस. मेक्सिको सिटीच्या १९६८ सालच्या ऑलिंपिक प्रक्षेपणाबद्दल त्याला एमी हा दूरचित्रवाणीचा बहुमान मिळाला. तेव्हा पुढच्या चित्रपटांवरून हा कोणी अर्धवट हौशी असावा असा ग्रह करून घेणे सर्वस्वी चुकीचे ठरेल.

त्याच्या कामाचे ठिकाण म्हणजे स्टेडियमबाहेर उभी असलेली एक अंधारी गाडी. समोर छोट्या पडद्यांची भिंत, प्रत्येक पडद्यावर एकेका कॅमेऱ्याचे दृश्य, आणि दिग्दर्शक आकडे पुकारतो : दोन, चार, पुन्हा दोन. जो आकडा उच्चारला जाईल ते चित्र त्याच क्षणी लक्षावधी घरांत पोहोचते; फेरविचाराला मुळीच अवकाश नसतो. त्यातून अमेरिकन फुटबॉल हा खेळ असा की, तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष खेळ चालू असण्याचा काळ एकूण पाव तासाहूनही कमी, बाकी सारी खलबते आणि जुळवाजुळव. ही रिकामी वेळ कशाने भरायची, हा प्रश्न सिदारिसने आपल्या स्वभावानुसार सोडवला. ज्या स्त्रीचे चित्र देशभर जात होते तिची परवानगी कोणी विचारली होती, हा प्रश्न त्या गाडीत उपस्थित झाला असेल असे मला वाटत नाही. आणि आपल्याकडच्या गाड्यांतही तो फारसा होत असेल, असा माझा समज नाही.

चित्रपटसृष्टीत त्याचा शिरकाव झाला तोही मैदानातूनच. रॉबर्ट ऑल्टमनच्या 'मॅश' या १९७० सालच्या गाजलेल्या चित्रपटातल्या फुटबॉल सामन्याच्या चित्रीकरणात त्याचा हात होता. १९७३ साली त्याने 'स्टेसी' काढला, १९७९ साली 'सेव्हन'. या दुसऱ्या चित्रपटात तलवारीचे नाना हात करून दाखवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला समोरचा माणूस शांतपणे गोळी घालून मोकळा होतो. दोन वर्षांनी हाच विनोद स्पीलबर्गच्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये आला आणि जगाने तो तिथलाच म्हणून लक्षात ठेवला.

खरी दुकानदारी जमली ती 'मालिबू एक्स्प्रेस' या चित्रपटापासून, म्हणजे १९८५ पासून, आणि ती व्हिडिओ कॅसेट व रात्री उशिराच्या केबल वाहिन्या या दोन नव्या बाजारपेठांच्या जोरावर. पत्नी अर्लीन निर्माती, पुढे मुलगाही दिग्दर्शनात. असा हा घरचाच कारखाना. १९९८ पर्यंत या मालिकेत एकूण बारा चित्रपट झाले, त्यांपैकी दोन मुलाचे. नायिका बहुधा 'प्लेबॉय' मासिकाच्या पानांतून आलेल्या, स्थळ पुष्कळदा हवाई, आणि कथानकाचा जाब कोणी मागू नये अशी प्रेक्षकाशी मूक तडजोड.

नमुन्यादाखल १९८७ चा 'हार्ड टिकिट टू हवाई' घ्या. मोलोकाई बेटावर छोट्या विमानातून मालवाहतूक करणाऱ्या दोन तरुणी वस्तुतः गुप्तहेर आहेत. तस्करांचे हिरे एका खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधून येतात. कर्करोगग्रस्त उंदीर खाऊन पिसाळलेला एक अजस्र साप मोकाट सुटला आहे, आणि शेवटी तो शौचकूपातून डोके वर काढतो. कडेला वस्तऱ्याची पाती बसवलेली फ्रिस्बी एका पहारेकऱ्याचा प्राण घेते. एक मारेकरी स्केटबोर्डवरून येतो, बगलेत हवा भरलेली रबरी बाहुली. त्याला जीपने उडवल्यावर तो अधांतरी असतानाच नायक त्याच्यावर बझूका डागतो आणि मग दुसरा गोळा त्या बाहुलीवर.

हे सारे मूर्खपणाचे आहे यात वाद नाही, पण हातोटी मात्र प्रक्षेपणाच्या गाडीतलीच आहे. सूर्यप्रकाश भरपूर, चित्र स्वच्छ, काम झटपट, आणि प्रेक्षकाचे लक्ष कोणत्या क्षणी ढळेल याची अचूक जाण. फरक एवढाच झाला की, फुटबॉलमध्ये खेळाच्या फटी तरुणींनी भरून काढल्या जात, आणि येथे तरुणींच्या मधल्या फटी कथानकाने भरून काढल्या गेल्या. मधल्या वेळचा फराळ हेच जेवण झाले. मात्र गॅलरीत नकळत टिपल्या गेलेल्या मुलीपेक्षा या नायिकांची स्थिती एका बाबतीत बरी होती : वस्त्रे तोकडी असली तरी बंदूक त्यांच्या हाती होती, विमान त्याच चालवत, आणि बहुतेक वेळा शत्रूचा निकालही त्याच लावत.

पुरुषांची तऱ्हा निराळीच. या मालिकेत अ‍ॅबिलीन नावाच्या एका घराण्याचे वीर फिरून फिरून येतात : कोडी, रौडी, ट्रॅव्हिस, शेन. दिसायला देखणे, स्वभावाने उमदे. फक्त पिस्तुलाचा नेम कोणालाच साधत नाही, आणि हा दोष कुळाचार असावा तसा एकाकडून दुसऱ्याकडे चालत आलेला आहे. त्या रबरी बाहुलीसाठी बझूका का लागली, याचे उत्तर इथे आहे.