पळसापासून तळ्यापर्यंत

फाल्गुन संपत आला, की वर्गात बसून प्रकाशाचे वक्रीभवन शिकवण्याचा मला कंटाळा येतो. शिकण्याचा तुम्हालाही येत असणार! म्हणून एका रविवारी सकाळी साडेसहाला मी आणि नववीची काही मुले कोनला जमलो. कल्याणहून दुर्गाडीचा खाडीपूल ओलांडला, की भिवंडी तालुक्यातले हे गाव लागते.

शेताच्या बांधावर पळस उभा होता. पान एकही नाही, पण सारे झाड केशरी! त्यावर साळुंक्या, बुलबुल आणि इवलासा शिंजीर यांची झुंबड उडाली होती. पळसाच्या फुलाला वास नाही. मग एवढे पाहुणे बोलावले कोणी? रंगाने! मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना मात्र उत्तम दिसतो. मध पिताना परागकण पक्ष्याच्या डोक्याला लागतात आणि दुसऱ्या फुलावर पोहोचतात. बांधाखाली पिवळा धोत्रा फुलला होता. ही काटेरी वनस्पती मूळची मेक्सिकोकडची.

एवढ्यात ‘टुक् टुक् टुक्’ असा आवाज आला. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा, म्हणून या पक्ष्याचे नाव तांबट. घड्याळ लावून एका मिनिटातले ठोके मोजा आणि पुन्हा मोजून पाहा. ताल किती एकसारखा असतो ते कळेल.

तेथून बसने आम्ही भिवंडीच्या वऱ्हाळादेवी तलावावर गेलो. काठावरच्या वाळक्या फांदीवर छोटा खंड्या बसला होता. त्याने एकदम सूर मारला आणि चोचीत मासळी घेऊन तो वर आला.

आता विचार करा. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतो, म्हणून मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३. सरळ वरून पाहिले, तर ४० सेंटिमीटर खोलीवरचा मासा ३० सेंटिमीटरवरच भासतो. तिरके पाहिले, की फरक आणखी वाढतो. दिसतो तेथेच नेम धरला, तर खंड्या उपाशी राहील! घरी वाटीत नाणे ठेवा, ते काठाआड जाईपर्यंत मागे सरका आणि मित्राला पाणी ओतायला सांगा. नाणे ‘वर’ येईल.

खंड्याच्या पाठीचा निळा रंगही गमतीचा आहे. त्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसांतल्या अतिसूक्ष्म, स्पंजासारख्या रचनेमुळे निळा प्रकाश अधिक परत फिरतो. असे पीस पडलेले दिसले, तर ते प्रकाशासमोर धरून पाहा. निळाई जाऊन तपकिरी छटा दिसेल. मग ते तेथेच ठेवून द्या.

परतताना एक मुलगी म्हणाली, “सर, मागच्या वर्षी बांधावर पळस दोन होते ना?” होते. दुसऱ्याच्या जागी आता मुरमाचा भराव आहे. भिवंडीच्या परिसरात गोदामांसाठी शेते भरली जात आहेत. खंड्याचेही तसेच. मासा दिसायला त्याला स्वच्छ पाणी हवे आणि बीळ करून अंडी घालायला मातीची उभी दरड. जलपर्णीने पाणी झाकले किंवा काठ सिमेंटने बांधला, तर त्याचा अचूक नेम काय कामाचा?

म्हणून एक काम करा. आपल्या गावातला एक पळस निवडा. दर रविवारी पंधरा मिनिटे त्यावर कोणते पक्षी येतात, ते तारखेसह वहीत लिहा. पुढच्या फाल्गुनात पुन्हा लिहा. झाड तोडू नका, असे सांगायला जाल, तेव्हा ती वही बरोबर असू द्या.