अंगणांतला अनंत

अनंताचें रोप हौसेनें लावणारीं घरें पुष्कळ आहेत. त्याचें मोठें झाड झालेलें पाहणारीं मात्र थोडीं. रोपवाटिकेंतून आणतांना तें तकतकीत हिरव्या पानांचें व कळ्यांनीं लगडलेलें असतें. एकदोन वर्षें लोटतात न लोटतात तोंच पानें पिवळीं पडूं लागतात, कळ्या न उमलतांच गळतात, आणि घरांतील माणसें कधीं उन्हाला तर कधीं कोणाच्या दृष्टीला दोष देतात. खरा दोष बहुधा मातीचा असतो. तो वेळींच ओळखला तर झाड वांचतें.

अनंत मूळचा चीन-जपानकडचा, कॉफीच्या कुळांतला. त्याच्या ‘गार्डिनिया’ या शास्त्रीय नांवाचा इंग्रजी बागेशीं संबंध असावा असें सहज वाटतें, पण तसें नाहीं. अमेरिकेंतील चार्ल्सटन येथें वैद्यकी करणारे अलेक्झांडर गार्डन हे अठराव्या शतकांतील वनस्पतिप्रेमी डॉक्टर. त्यांच्या सन्मानार्थ तें ठेवलेलें आहे. जुन्या घरांतून मुलांच्या जंतांवर देत असत ती डिकेमाली म्हणजे याच गणांतल्या, आपल्या रानांत होणाऱ्या झाडांचा डिंक.

अनंताला आम्लधर्मी माती मानवते. कोंकणांत जांभ्याची तांबडी माती; मुसळधार पाऊस तिच्यांतला चुना धुऊन नेतो. तेथें परसांत लावलेला अनंत फारशी निगा न राखतांही पुरुषभर वाढतो. देशावरच्या काळ्या मातींत पुष्कळ ठिकाणीं चुनखडी असते, आणि बोअरच्या जड पाण्यानें तींत भरच पडते. पानांतील हिरवें द्रव्य तयार होण्यास लोह लागतें. काळ्या मातींत लोहाची वाण नाहीं. पण चुन्याच्या संगतींत तें पाण्यांत विरघळत नाहीं. कोठार भरलेलें, पण कुलूपबंद!

जुन्या पानांतलें लोह नव्या पानांकडे सहसा जात नाहीं. म्हणून या विकारांत शेंड्याचीं कोंवळीं पानें आधीं पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उलट खालचीं जुनीं पानें सरसकट पिवळीं होत असतील, तर नत्राची भूक किंवा मुळांशीं सांचलेलें पाणी हें कारण समजावें. पिवळें पान दिसतांच राख घालण्याची पुष्कळांना संवय असते. या झाडाला ती अपायकारक. राखेनें मातीचा आम्लपणा आणखीच कमी होतो. नव्या भिंतीच्या कडेला, जेथें चुना-सिमेंटचा राबिट पडलेला असतो, तेथेंही अनंत लावूं नये. श्रोत्यांपैकीं ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनीं वाळलेल्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावे. फेस आला कीं चुनखडी आहे असें समजावें.

अशा जमिनींत अनंत लावण्याचा हट्ट न धरितां मोठी कुंडी घ्यावी. तींत तांबडी माती व कुजलेल्या पालापाचोळ्याचें खत समभाग घालून थोडी वाळू मिसळावी. पावसाचें पाणी सांठवितां आलें तर फारच उत्तम. पानें पिवळीं पडलींच तर लिटरभर पाण्यांत ३ ग्रॅम हिराकस विरघळवून, द्रावण ताजें असतांनाच, सायंकाळीं पानांवर फवारावें व पंधरा दिवसांनीं पुन्हा द्यावें. फरशी मात्र संभाळावी. तिचे तांबूस डाग सहजासहजीं जात नाहींत.

कळ्या गळण्याचें कारण निराळें. एक दिवस कुंडी कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशीं चिखल, हें अनंताला सोसत नाहीं. कळ्या धरल्यावर कुंडीची जागाही बदलूं नये. सकाळचें ऊन व दुपारची सावली असावी. छाटणी फुलांचा बहर सरतांच उरकावी. उशिरां केलेल्या छाटणींत पुढल्या बहराच्या कळ्याच जातात. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या सौम्य पाण्यानें धुऊन काढावा. नवीं रोपें पावसाळ्यांत फाट्यांपासून किंवा गुटी बांधून करतां येतात.

उमलतांना शुभ्र असलेलें फूल दोनतीन दिवसांत पिवळसर होतें. वास तोंवर टिकतो. पाकळीला बोट लागलें तरी तेथें तपकिरी डाग उमटतो, म्हणून फूल पहांटे देठानेंच खुडावें आणि पाणी भरलेल्या वाटींत ठेवावें.