‘सेट’ला अर्थ किती?

इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द कोणता? प्रश्नमंजुषेत याचं उत्तर ठरलेलं: ‘सेट’. ते एके काळी बरोबरही होतं. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा नुसत्या ‘सेट’ क्रियापदाचे अर्थ ४३०च्या घरात गेले होते आणि त्या नोंदीने साठेक हजार शब्दांची जागा खाल्ली होती. पुढे कोशाचं फेरसंपादन सुरू झालं. पीटर गिलिव्हर हे संपादक नऊ महिने ‘रन’ या एकाच शब्दाशी झुंजले आणि क्रियापदाचे ६४५ अर्थ हाती लागले. ही बातमी २०११ची. प्रश्नमंजुषांपर्यंत ती अजून पोचायची आहे. इंग्रजीत नाक, नळ, बस, दुकान, प्रोग्राम सगळंच ‘रन’ होतं. धुतल्यावर कपड्याचा रंग जातो, तोही ‘रन’. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमधला मात्र ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो.

पण हे आकडे फार मनावर घेऊ नयेत. गजर लावणं आणि सापळा लावणं हे ‘सेट’चे दोन अर्थ, की एकाच अर्थाचे दोन वापर? ते संपादक ठरवतो. विद्यार्थ्यांच्या छोट्या कोशात हाच शब्द मोजक्या अर्थांत आटोपतो.

याहून मोठा गैरसमज म्हणजे ‘सेट’ हा एकच शब्द आहे. दागिन्यांचा सेट आणि नाटकाचा सेट यांचं घराणंच वेगळं. पहिला समूहवाचक, तो लॅटिन ‘सेक्टा’पासून जुन्या फ्रेंचमार्गे आला, म्हणून ‘सेक्ट’ म्हणजे पंथ हा त्याचा भाऊबंद. दुसऱ्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं ‘सेटन’ हे क्रियापद आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, तर ‘सेट’ म्हणजे बसवणे. एवढं लक्षात ठेवलं की निम्मी घोकंपट्टी वाचते. निखळलेलं हाड ‘सेट’ करतात, कोंदणात हिरा ‘सेट’ करतात. मराठीतही आपण दोन्ही बसवतोच. पुढे ही दोन घराणी एकमेकांत मिसळली, ते निराळं. प्राध्यापक होऊ पाहणारे जी ‘सेट’ देतात तिचा दोन्हींशी संबंध नाही. ती राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं.

कोशात पहिला दिलेला अर्थ तोच मुख्य, हेही सरसकट खरं नाही. ऑक्सफर्डचा थोरला कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतो, मग तो आज मेलेला का असेना. ‘नाइस’चा जुना अर्थ ‘मूर्ख’ होता. तो कोशात आधी दिसला म्हणून कुणाचं कौतुक करायचं थांबू नका. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत सहसा रुळलेला अर्थ आधी येतो.

आणि हा गोंधळ इंग्रजीचाच, असं म्हणणाऱ्यांनी आपलं ‘लागणे’ परक्याला शिकवून पाहावं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दूध तळाला लागतं. डोळा लागला तर माणूस झोपला, वाटेकडे डोळे लागले तर जागाच आहे. ‘बस लागली’ हे स्टँडवर ऐकू आलं तर पिशव्या उचलून पळायचं. घाटात ऐकू आलं तर एक रिकामी पिशवी शोधायची.