‘कीचकवधा’चे पहिले परीक्षक

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, पण पुराणाच्या पडद्याआड चालू काळाचा इतिहास उभा होता. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. त्याच वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या पुस्तकात त्याचा अर्थ उलगडला : कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर मवाळ, भीम जहाल. कर्झनचे नाव नाटकात कोठेही नाही, तरी थिएटरातला प्रत्येकजण हे जाणतो, अशी कबुलीही त्यांनी दिली.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे या कबुलीला फार मोल देतो. टीकाकाराने लेखणी उचलण्यापूर्वीच पिटातल्या प्रेक्षकाने निकाल दिला होता. बंदीने प्रयोग थांबले. समजलेला अर्थ कसा थांबणार?