जुना फ्लॅश, नवा कॅमेरा

स्नेहसंमेलन जवळ आले की घरोघरच्या कपाटांतून जुने फ्लॅश बाहेर निघतात. असा फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्याच्या खाचेत नीट बसतो. पण बसला म्हणजे चालेलच असे नाही.

रिळाच्या जुन्या कॅमेऱ्यांत फ्लॅश उडवण्याचे काम बहुधा धातूचा संपर्क करीत असे. तो जास्त व्होल्टेज सोसत असे. डिजिटल कॅमेऱ्यात तेच काम नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच करतो. व्हिव्हिटार २८३ च्या सुरुवातीच्या काही फ्लॅशच्या संपर्कावर २०० हून अधिक व्होल्ट आढळतात. आयएसओ १०३३० या मानकानुसार कॅमेऱ्याने २४ व्होल्ट सोसावेत. निकॉनच्या अनेक पुस्तिकांत २५० ची मर्यादा दिलेली आहे. म्हणून आपल्या कॅमेऱ्याची पुस्तिका आधी पाहावी.

मोजणी सोपी आहे, पण मुलांनी ती मोठ्यांसमोरच करावी. फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता सेल घालून सुरू करावा. तयारीचा दिवा लागल्यावर मिनिटभर थांबावे. डिजिटल मल्टिमीटर डीसी ५०० व्होल्टच्या वर ठेवून लाल टोक तळाच्या मधल्या बिंदूला व काळे बाजूच्या धातूला लावावे. आकडा मर्यादेपेक्षा जास्त किंवा उणे आला, तर तो फ्लॅश कॅमेऱ्यावर लावू नये.

तरीही तो टाकाऊ ठरत नाही. प्रकाशाने चालणारा स्लेव्ह जोडून तो दूर ठेवता येतो. मात्र कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा, नाहीतर आधीच्या लुकलुकीनेच जुना फ्लॅश उडून जातो.

फ्लॅश कधीही उघडू नये. आतील कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते जिवावर बेतू शकतात. कॅमेरा दुरुस्त होईल. हात जपायला हवेत.