आजारांची नावे : लेखांक ९
फिट, आकडी, घुरं, अपस्मार

गेल्या आठवड्यात आपण देवीच्या रोगाबद्दल बोललो. तिथे लोकांनी रोगालाच देवी मानलं. आजच्या आजारात देव, भूत, ग्रह असे सगळेच आरोपी आहेत.

नेवासे तालुक्यात घोडेगावला जनावरांचा मोठा बाजार भरतो. अशा गर्दीत एखादा माणूस एकाएकी कोसळतो, ताठ होतो, हातपाय झाडू लागतो, तोंडाला फेस येतो. भोवती कडं पडतं. कुणी म्हणतं ‘फिट आली’, कुणी ‘मिरगी’, कुणी ‘आकडी’, कुणी ‘फेफरं’. एखादी म्हातारी ‘घुरं’ म्हणते. आणि मागून दबका आवाज येतो, ‘बाहेरचं दिसतंय.’ हातपाय आखडताना दिसतात म्हणून आकडी. त्या नावात डोळ्यांना दिसलं तेवढंच आहे. ‘बाहेरचं’ या नावात मात्र दिसलेलं काहीच नाही, थेट आरोप आहे. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

ग्रीकांचंही तेच झालं. ‘एपिलेप्सी’ हा शब्द पकडणे, झडप घालणे अशा अर्थाच्या क्रियापदातून आला. झडप घालणारा अर्थात देव, म्हणून याला ते ‘पवित्र रोग’ म्हणत. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या, इ.स.पू. 400 च्या सुमाराच्या ग्रंथाने ठणकावून सांगितलं की हा रोग इतर रोगांहून जास्त पवित्र नाही, याचं मूळ मेंदूत आहे. तरी नाव झडपेचंच टिकलं. रोमन सभेत कुणाला झटका आला तर अपशकुन मानून सभा मोडत, म्हणून तिथे तो ‘सभेचा रोग’ झाला.

आपल्याकडचा ‘अपस्मार’ म्हणजे स्मृती हरपणं. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा दहावा अध्याय यावरच आहे आणि त्यातलं निरीक्षण थक्क करणारं आहे. वातज प्रकारात रोगी दात खातो, थरथरतो. पित्तज प्रकारात फेस पिवळा. कफज प्रकारात त्याला पांढरी रूपं दिसतात आणि तो उशिरा सावध होतो. झटक्याआधी काहींना रंग, प्रकाश, वास जाणवतात, हे आजचे मेंदुतज्ज्ञही रुग्णाला मुद्दाम विचारतात.

बाजारातल्या त्या कड्यात एव्हाना कुणीतरी चप्पल काढून नाकाशी धरलेली असते, कुणी कांदा फोडलेला असतो. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. तोवर चप्पल नाकाशी असते, म्हणून श्रेय चपलेला जातं. मेंदूतल्या पेशींमध्ये एकाच वेळी उसळलेली वीज ओसरली, एवढंच खरं घडलेलं असतं. खरी मदत साधी आहे: माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना.

चप्पल हुंगवणं निरुपयोगी आहे; ‘बाहेरचं’ काढणं क्रूर आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं बुडवलेलं पाणी पाजणं हे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे.

नाव लपवण्यालाही सबळ कारण होतं. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांना अपस्मार जोडला गेला आणि लग्नाच्या अटींमध्ये तो अडसर ठरला. 1999 मध्ये संसदेने तो शब्द काढून टाकला. कायद्यातून गेला, पण स्थळं बघताना अजून गेलेला नाही. मुलीच्या गोळ्या माहेरच्या ट्रंकेत राहतात, सासरी डोस चुकतो आणि थांबलेले झटके पुन्हा सुरू होतात. गोळी अचानक बंद करणं या आजारात फार धोक्याचं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

दक्षिण कोरियात जुनं, कलंक चिकटलेलं नाव टाकून ‘मेंदूच्या विजेचा विकार’ अशा अर्थाचं नवं नाव घेतलं गेलं. आपल्याला त्याची गरज वाटत नाही. फिट म्हणा, आकडी म्हणा, डॉक्टरांना चालतं. त्यांनी स्वतः झटका सहसा पाहिलेलाच नसतो आणि मधल्या काळात मेंदूचा आलेखही पुष्कळदा साफ येतो. म्हणून सोबत जो हजर होता त्याने जावं आणि पाहिलेलं सांगावं: आधी कुठला हात हलला, मान कुठे वळली, डोळे उघडे होते का, जीभ चावली का, किती वेळाने माणूस ओळखू लागला. मोबाइलवर चित्रण असेल तर ते दाखवावं.